सातव्या मोरीचा भराव

तात्या, तुमच्या तेराव्याला मंडपात बसलेले लोक सांगत होते की तुम्ही फार शांत माणूस होता, कधी कुणाला उलट शब्द बोलला नाहीत. मी पत्रावळीत मान घालून जेवत राहिले. कालव्यावरच्या पहिल्या भेटीत तुम्ही मला कसं झापलं होतं ते सांगितलं असतं, तर त्यांचे घास घशात अडकले असते. माणूस गेला की लोक त्याला असा धुऊनपुसून ठेवतात. मला तुम्ही होता तसेच हवे आहात, म्हणून हे लिहायला बसले. शिवाय तुमच्याशी मी एक खोटं बोलले होते, आणि ते तुमच्यापुढे कबूल करायचं राहून गेलंय. माझं धाडस होईपर्यंत तुम्ही थांबला नाहीत. आता तुम्हाला जाऊन महिना होऊन गेला.

आधी ती पहिली भेट. नऊ वर्षं झाली तिला. मी किकवीची, कामाला वरव्याजवळच्या छोट्या कंपनीत, पॅकिंगला. रोज हायवेने स्कूटीवर जायचे. एका सकाळी मागून आलेल्या टेम्पोचा आरसा खांद्याला लागला आणि मी कडेच्या खडीत जाऊन पडले. फार लागलं नाही, गुडघा फुटला तेवढा. पण त्या दिवसापासून मागे हॉर्न वाजला की मी गाडी कडेला घेऊन उभीच राहायचे. स्कूटी दिराच्या दारात नेऊन लावली. महिनाभर एसटीची वाट बघून बघून कंटाळले आणि शेवटी लेकीला शाळेत असताना मिळालेली निळी सायकल बाहेर काढली. हायवेवर ती न्यायची हिंमत नव्हतीच. म्हणून तुमच्या वाडीवरून चढ चढून कालव्याच्या भरावावर गेले. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली उतरणारा भराव आणि मधे तांबड्या मुरमाचा रस्ता. ट्रक नाही, डंपर नाही, माणूसही नाही. बरंच अंतर गेल्यावर माझ्या लक्षात आलं, आपण इतक्या वेळात एकदाही मागे वळून बघितलं नाही. तेवढ्यावर मला रडू फुटलं. आणि नेमके तेव्हाच समोरून तुम्ही आलात.

खाकी शर्ट, डोक्याला टॉवेल, बावीस इंची काळी सायकल आणि तिच्या दांडीला बांधलेलं खोरं. तुम्ही पाटकरी होता, म्हणजे कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या पाळीला ज्याच्या त्याच्या शेतात सोडणारा आणि भरावावर नजर ठेवणारा खात्याचा माणूस. हे मला तेव्हा कुठे ठाऊक. तुम्ही सायकल आडवी लावलीत.

“कुठं निघाला?”

“कामाला.”

“ह्यो रस्ता खात्याचा हाय. पाटी वाचता येती न्हवं?”

“पाटीवर वाहनाला बंदी हाय म्हणून लिवलंय. सायकल वाहन हाय व्हय?”

“मंग काय म्हस हाय?”

मी उतरले नाही आणि तुम्ही हटला नाहीत. मग तुमचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं. “रडताय कशापायी?” मी म्हणाले, वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं. “वारं तर तुमच्या पाठीमागून हाय,” तुम्ही म्हणालात. आणि सायकल बाजूला घेतलीत. “उताराच्या अंगानं चालवा. पाण्याच्या अंगाला जायचं न्हाई. पडलाच तर ढोपर फुटंल, पर घरला जाल.” परवानगी म्हणतात ती मला एवढीच मिळाली आणि ती नऊ वर्षं पुरली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तिथेच थांबला होता. मला वाटलं, आता पावतीबिवती फाडणार. तुम्ही काही न बोलता खाली बसून माझ्या दोन्ही चाकांतली हवा थोडी थोडी सोडलीत. मी ओरडले. तुम्ही माझा अंगठा धरून टायरवर दाबलात. “मुरमावर चाक टणक नसावं. एवढं आत गेलं पायजे. टणक चाक घसरतं आन् टणक माणूस बी.” मग एकेक शिकवत गेलात. वळणावर सुट्या मुरमात ब्रेक लावायचा नाही, आधीच हळू व्हायचं. खड्डा आला की बूड उचलायचं. मोरीच्या, म्हणजे ओढ्याचं पाणी जिथे कालव्याखालून जातं तिथल्या कठड्याजवळ घंटी वाजवायची, कारण पलीकडून शेळ्या येतात आणि शेळीला हॉर्न कळतो, सायकल कळत नाही. मी शाळेत सायकल चालवलेली बाई. पण चालवायला शिकले ती त्या भरावावर, पंचेचाळिशी जवळ आल्यावर. तुमचे आभार मी तेव्हा मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही म्हणाला असता, “बास, आता कामाला जावा, हजेरी चुकंल.” तरी मानायला हवे होते.

लोकांनी सुरुवातीला बोलायचं ते बोलून घेतलं. काकींनीच, तुमच्या घरच्यांनीच, त्यांची तोंडं बंद केली. “माजी लेक हाय ती,” म्हणून एकदा पाणवठ्यावर सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं आणि विषय संपला. आमचे हे एवढंच म्हणाले, “तात्यांच्या सायकलीला ब्रेक न्हाईत, तू पुढं राहू नको.” तुम्ही मला ‘अहो’वरून ‘अगं’वर कधी आणलंत ते आठवत नाही.

मग तुम्ही रिटायर झालात आणि आपल्या रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. बिनकामाच्या फेऱ्या. हीच तर सगळी पंचाईत होती. आपल्याकडे माणूस सायकल काढून निघाला म्हणजे त्याला काम असलंच पाहिजे. दर बांधावरून “कुठं निघाला?” येतं, आणि “कुठं न्हाई, असंच” म्हटलं तर संध्याकाळच्या आत घरी निरोप पोचतो की म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. तुम्ही त्यावर तोड काढलीत. हँडलला रिकामी किटली अडकवली. “दुधाला.” झालं, पुढे कुणी विचारत नाही. मला विळा आणि पोतं दिलंत. “तू गवताला म्हन.” माझ्या दारात शेळीसुद्धा नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तरी “गवताला” म्हटलं की लोक समाधानाने मान हलवायचे.

पण ढोंगालाही फळ येतं. तिसऱ्या की चौथ्या रविवारी पारूबाईने बांधावरून हाक मारली. “तात्या, दुधाला निघालाच हायसा तर माजं बी अर्धा लिटर आणा. म्हस आटलीया.” आता नाही कसं म्हणणार. पुढच्या गावात दूध शोधत आपण दारोदार फिरलो आणि तुम्ही मला शिव्या घातल्यात, जशी काही किटली माझीच होती. तेव्हापासून दर रविवारी पारूबाईचं दूध आणणं तुमच्या गळ्यात पडलं. तिची म्हैस पुन्हा व्याली, तरी ती बया बोलली नाही. दूध येतंय तर येऊ दे. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की कालव्याच्या कडेला बसावं लागलं. तुमचं ते हसू मला आजही तसंच्या तसं ऐकू येतं आणि मग काही सुचत नाही.

आपण एकदा वेल्ह्याच्या बाजूलाही गेलो होतो, नदीच्या काठाकाठाने पालीपर्यंत. तुमच्या विलासने टेम्पोत दोन्ही सायकली टाकून आपल्याला निम्म्या वाटेवर सोडलं होतं. पुढे सगळी बैलगाडीची वाट, गोटे, मधेच वाळू, दोन ठिकाणी सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचा. तिथे आपल्याला पुण्याचं एक जोडपं भेटलं. डोक्यावर हेल्मेट, जाड चाकांच्या सायकली, पालीची वाट विचारत होते. तुम्ही त्यांच्या सायकलीभोवती फिरून आलात आणि विचारलंत, ही सायकल कशाची. बाई म्हणाली, ही मुद्दाम खडीच्या, मुरमाच्या रस्त्यासाठी बनवलेली असते, गाड्या नसलेल्या वाटांवर फिरायला. तुम्ही आपल्या काळ्या सायकलीकडे बघितलंत. “आगं रंजना, म्हंजी म्या जलमभर हेच करत हुतो की. कुनी सांगितलं बी न्हाई.” त्यांनाही हसू आवरेना. त्यांनी तुमचा फोटो काढला. पालीत राजगडाच्या खाली करंजाच्या सावलीत भाकरी सोडली. मी म्हटलं, तात्या, एवढ्या जवळ आलोय तर एकदा गड चढू या. तुम्ही वर न बघताच म्हणालात, “पाणी वर जात न्हाई. मंग म्या कशाला जाऊ?”

आपलं एक भांडण मात्र मिटलंच नाही. तुमचं म्हणणं, कालव्याच्या पाण्याबरोबर निघालं की सायकल हलकी चालते आणि पाण्याच्या उलटं आलं की जड. मी म्हणायची, कालव्याला उतार इतका थोडा असतो की पायाला कळणारच नाही, हा सगळा वाऱ्याचा खेळ आहे. तुम्ही मला वारा पडलेला असताना चालवायला लावलीत, उन्हात चालवायला लावलीत, कालवा कोरडा असताना चालवायला लावलीत. मी दर वेळी येऊन सांगायची, दोन्हीकडे सारखीच. तुम्ही म्हणायचात, “तुज्या पायाला पाण्याची वळख न्हाई अजून.” असल्या माणसाशी वाद कसा घालणार. तुमचं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. गेलेल्या माणसाची मर्जी राखायला मी काही मंडपातलं माणूस नाही.

आता खोट्याकडे येते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तुम्ही सायकलीवरून पडलात. उताराच्या अंगालाच पडलात, आपला नियम पाळून. पण ते काही घसरून पडणं नव्हतं. तुम्ही हँडल सोडलं, आधी मान खाली गेली आणि मग तुम्ही. मी पळत आले तेव्हा तुमचं तोंड घामाने निथळत होतं. दवाखान्यात सांगितलं, हृदय दमलंय, सायकल बंद, चढ बंद. घरी आल्यावर तुम्ही ते एका कानाने ऐकलंत. आठव्या दिवशी काकींनी तुम्हाला सायकल पुसताना पकडलं. त्या दिवशी विलास कंपनीच्या गेटवर मला भेटायला आला. हा तुमचा लेक तुमच्यासारखाच, मनातलं बोलायला त्याला तास लागतो. “ताई, तात्या तुमचं ऐकत्यात. त्यास्नी वर जाऊ देऊ नका. कालव्यावर पडले तर आमाला कळणार बी न्हाई.” त्याचे डोळे भरले होते. मी म्हटलं, बघते.

डॉक्टरचं तुम्ही ऐकणार नव्हता, लेकाचं नाही, माझंही नाही. तुम्ही आयुष्यात ऐकलंत ते फक्त एकाचं, खात्याच्या हुकमाचं. खात्याने रस्ता बंद केला की बंद, मग सख्खा भाऊ आला तरी तुम्ही त्याला भरावावर पाय ठेवू दिला नव्हता. हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी येऊन सांगितलं, “तात्या, कालव्याचं काम निघालंय. रस्ता खणलाय. सायकल जात न्हाई.” ही अक्कल माझीच. विलासने फक्त तुम्हाला थांबवायला सांगितलं होतं.

तुम्ही एका क्षणात ऐकलंत. “मंग बराबर हाय,” म्हणालात आणि सायकल भिंतीला लावून तिच्यावर पोतं टाकलंत. पाणी सुटायला तीन महिने होते, कालवा कोरडा होता, वाडीतून तो दिसत नाही आणि चढ चढायची तुम्हाला बंदी होती. माझं खोटं पचलं. मी घरी जाताना स्वतःवर खूश होते, हेही सांगून टाकते.

पण तुम्ही पाटकरी होता. तुम्ही काही काम निघालंय एवढ्यावर गप्प बसणार होता का? दुसऱ्या दिवशी विचारलंत, कुठून सुरुवात केली. मी म्हटलं, पहिल्या मोरीपासून. मशीन केवढी? मुकादम कुठला? माती कुठून आणतात? मी रोज संध्याकाळी कामावरून येताना एक नवा तुकडा रचायची. त्याच भरावावरून सायकल चालवत यायची आणि वाडीत उतरायच्या आधी नळावर चाकांवरचा तांबडा मुरूम धुवायची. एकदा तुम्ही म्हणालात, “सायकल लई सोच्छ ठिवायला लागलीस.” मी मान खाली घातली. खरं सांगू, त्यात मला मजासुद्धा यायला लागली होती. तुम्ही खाटेवर बसून मोरी मोरीने पुढे सरकायचात, मी सांगेन तसं डोळे मिटून ऐकायचात, मधेच म्हणायचात, “हितं डाव्या अंगाला जांभळ हाय, ती तोडली न्हाई न्हवं?” मी म्हणायची, नाही, जांभूळ आहे. तेवढं तरी खरं होतं.

मग एक दिवस तुम्ही म्हणालात, “सातव्या मोरीला पोचले की त्यास्नी सांग, तिथला भराव खालपतूर उकरा. वरवर माती टाकू नका. गेल्या पाण्याला तिथं पायथ्याला घाम हुता, माती हाताला वली लागत हुती. घुशी लागल्याती आत.” मी विचारलं, मग तेव्हाच खात्याला का नाही सांगितलं? तुम्ही जरा ओशाळलात. “म्हनलं, आपुन आता कोन? रिटायर मानूस. नव्या पाटकऱ्याला एकदा नेऊन दावावं असं मनात हुतं, तवर पडलो. पर आता काम निघालंच हाय तर बरं झालं.”

मी “सांगते” म्हटलं. कुणाला सांगणार होते मी? मुकादम माझ्या डोक्यात होता. आणि मला ते तुमच्या कामाच्या सवयीचं बोलणं वाटलं. मी तिसऱ्या मोरीलाच खाली उतरून कंपनीकडे वळते, सातवी माझ्या वाटेवर येत नाही. एक रविवार काढून बघून आले असते तर काय बिघडलं असतं? गेले नाही. आळस केला, दुसरं काय.

त्यानंतर तुम्ही दुसरं काही विचारायचंच सोडलंत. मशीन नको, मुकादम नको. मी दारात आले की “सातवी?” एवढंच. मी आज उद्या करत राहिले. तुमचा श्वास बोलताना तुटायला लागला होता. शेवटी मार्चच्या अखेरीला एका संध्याकाळी मला ते सोसेना आणि मी म्हटलं, “झाली तात्या. काळी माती भरली, थरावर थर. धुम्मस करून घट्ट बसवली.” तुम्ही विचारलंत, “तू बगितली?” मी म्हटलं, “व्हय.”

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. दुपारी बातमी आली तेव्हा मी खोकी चिकटवत होते. हातातलं खोकं पुरं चिकटवलं आणि मग उठले. असं का केलं ते मला माहीत नाही.

तेराव्याला काकी मला आत घेऊन बसल्या. म्हणाल्या, “शेवटल्या दिशी बी तेच इचारत हुते, सातवी झाली का. म्या म्हनलं, रंजना म्हनली न्हवं झाली म्हनून, तिनं बगितलीया. मंग गप पडले.” काकी ते मला बरं वाटावं म्हणून सांगत होत्या.  तुम्हाला सुखाने डोळे मिटता आले ते माझ्या खोट्यावर, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालू शकले असते. लोक तसंच म्हणाले असते. पण तात्या, मी खोटं बोलले नसते तर तुम्ही नव्या पाटकऱ्याला बोलावून घेतलं असतं. खाटेवरून निरोप धाडला असता. तुम्ही गप्प बसलात ते काम होतंय या भरवशावर, आणि तो भरवसा मी दिलेला होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी सातव्या मोरीला गेले. लांबून काही दिसत नव्हतं. सायकल आडवी टाकून भरावावरून खाली उतरले तेव्हा गवतात बिळं दिसली, एक नाही, सात-आठ. एकात हात घातला तो कोपरापर्यंत गेला. वर रस्त्याच्या कडेला बोटभर रुंद भेग लांबपर्यंत गेली होती. आणि खाली, अगदी पायथ्याशी, शेळ्या-मेंढ्यावाल्यांची चार घरं. एक बाई अंगणात भांडी घासत होती. पाणी पंधरा दिवसांवर आलं होतं. मी तिथेच भरावावर बसले आणि तुमच्यावरच चिडले. एवढा विश्वास कशाला ठेवायचा माणसावर?

वाडीत येऊन विलासला म्हटलं, टेम्पो काढ, खात्याच्या ऑफिसात जायचंय, वाटेत काही विचारू नकोस. त्याने विचारलं नाही. ऑफिसातले साहेब वयाने लहान होते, पण त्यांनी नीट ऐकून घेतलं. वहीत लिहिता लिहिता विचारलं, “कुणी पाहिलं आधी?” मी तुमचं नाव सांगितलं. त्यांना तुम्ही माहीत होता. त्यांनी पेन थांबवलं. “पण तात्या तर वारले ना? त्यांनी कधी सांगितलं?”

“दोन महिन्यांमागं. माझ्यापाशी.”

“मग बाई, तुम्ही आत्ता का सांगताय?”

विलास माझ्या शेजारी उभा होता.  तरी सांगितलं. काम निघालंय असं मी तात्यांना खोटंच सांगितलं होतं, सातवी मोरी झाली असंही खोटंच सांगितलं होतं, आणि ते ती झाली असं समजून गेले. साहेबांनी वर बघितलं नाही. वहीत लिहून पुरं केलं आणि म्हणाले, “चला, आधी जागा बघू.”

 परतताना मी विलासची बोलणी खायच्या तयारीतच होते. मग पुढे बघतच तो म्हणाला, “म्या तुमाला पाया पडून सांगितलं नसतं तर तुमी बोलला नसता. निम्मं खोटं माजं हाय, ताई.” मी म्हटलं, असं वाटून घेतल्याने कमी होत नाही रे. तो म्हणाला, “कमी करायला न्हाई म्हनत. बरुबर उचलू, म्हंजी झालं.” तुमचा मुलगा आहे तो, तात्या. तुम्ही त्याला कायम मुका म्हणायचात, ते चुकत होता.

काकींना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. त्यांनी ऐकलं, पदराने डोळे पुसले. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “त्यास्नी सांगून टाक.” मी म्हटलं, आता कसं सांगू, काकी. “जसं बोलत हुतीस तसंच. रोज येऊन बोलत हुतीस न्हवं?” म्हणून हे लिहिलं.

काम सहा दिवस चाललं. खात्याचं मशीन आलं, वाडीतली माणसं आली, खालच्या चार घरांतले बायाबाप्ये आले, नवा पाटकरी तर पहिल्या दिवसापासून खड्ड्यातच उतरला होता. तुम्ही म्हणाला होता तसं खालपर्यंत उकरलं. घुशींची बिळं आत दोन हात फाटे फुटत गेलेली निघाली. मुकादम वरवर माती ओढायला निघाला तेव्हा मी आडवी गेले, तुम्ही पहिल्या दिवशी मला आडवे गेला होता तितक्याच सरळपणे, आणि मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. थर पडला की पाणी मारलं, धुम्मस केली, मग पुढचा थर. मी सहाही दिवस होते. रजा संपल्या, तुमच्या नावावर अजून दोन मागून घेतल्या.

मग पाणी सुटलं. पहिल्या दिवशी बघण्यात अर्थ नसतो, भराव भिजायला वेळ लागतो. आज चौथा दिवस. सकाळी उजाडता उजाडता गेले, मोरीच्या वर सायकल लावली आणि भरावावरून खाली उतरले. वर कालवा काठोकाठ चालला होता. पायथ्याला उकिडवी बसून मी जमिनीवर तळहात टेकवला, दहा ठिकाणी, गवत बाजूला करून करून. खालच्या घरातली बाई शेळ्या सोडत होती. तिने विचारलं, “काय सांडलं का, बाई?” मी म्हटलं, न्हाई, बघते नुसती. तीही आली आणि माझ्या शेजारी बसून तिने हात टेकवला. माती कोरडी होती. हाताला धूळ लागली तेवढीच.

तात्या, सातवी मोरी झाली. मी बघितली.